वाळलेल्या पानातला करपा: १८४५ सालचा रोग आज कसा वाचतात?

मंडळी, आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळाबद्दल तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत राहत असाल, तर ऑफिसमधल्या एखाद्या आयरिश आडनावाच्या सहकाऱ्याचे पणजोबा-खापरपणजोबा त्या काळात बोटीत बसले असण्याची बरीच शक्यता आहे. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या जवळजवळ ८२ लाख होती. १८५१ मध्ये ती साडेपासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तिच्यामागून आलेल्या साथींनी दगावली, आणि त्याहूनही जास्त देश सोडून गेली.

या संकटाची सुरुवात बटाट्यावरच्या एका रोगानं झाली. आपल्याकडे शेतकरी त्याला 'करपा' म्हणतात. करपा हे नाव बऱ्याच रोगांना लावतात, म्हणून कृषी खात्याच्या पत्रकात याचा उल्लेख 'उशिरा येणारा करपा' असा असतो. इंग्रजीत लेट ब्लाइट. हा रोग आजही आहे आणि जगभर आहे.

मग एक साधा प्रश्न विचारू. १८४५ मध्ये आयर्लंडचे बटाटे कुजवणारा जीव आणि आज शेतात दिसणारा जीव एकच आहे का? प्रजाती तीच, हे ठाऊक आहे. पण एका आडनावाची सगळी माणसं एका घरातली नसतात, तसंच एका प्रजातीतही वेगवेगळे वंश असतात. त्या दुष्काळाचा धनी कोणता वंश होता? तो नंतर कुठे गेला? आणि दीडशे वर्षांत त्याच्या जनुकांमध्ये काय बदललं?

हे प्रश्न नुसत्या कुतूहलाचे नाहीत. रोगकारक कशाला प्रतिसाद म्हणून बदलतो, किती वेगानं बदलतो, हे कळलं तरच आज तयार होणारं 'रोगप्रतिकारक' वाण किती वर्षं टिकेल याचा काही अंदाज बांधता येतो. गंमत अशी, की या प्रश्नांची उत्तरं शेतात नाही, तर कागदावर चिकटवलेल्या वाळक्या पानांत सापडली. आजचा धडा त्या पानांचा.

आधी रोगाची ओळख

या जीवाचं नाव फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स. फायटॉप्थोरा म्हणजे ग्रीकमध्ये 'वनस्पतींचा नाश करणारा'. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७६ मध्ये दिलं. तो बुरशीसारखा दिसतो, बुरशीसारखा वाढतो, पण खरी बुरशी नाही. त्याचा गट ऊमायसीट. समुद्रातली तपकिरी शेवाळं आणि डायॅटम हे त्याचे लांबचे नातेवाईक. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिका प्रामुख्यानं कायटिन आणि ग्लुकानच्या असतात, याच्या मात्र सेल्युलोज आणि ग्लुकानच्या. म्हणूनच खऱ्या बुरशीवर चालणारी काही औषधं याच्यावर चालत नाहीत.

गार आणि दमट हवा हे याचं आवडतं हवामान. पानावर आधी पाणी शोषल्यासारखे गडद डाग पडतात. पान उलटून पाहिलं तर डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. त्या लवेवर बीजाणू तयार होतात आणि वाऱ्यावर उडतात. गार पाण्याच्या थेंबात पडले, की एकेका बीजाणुपिशवीतून शेपटीवाले, पोहणारे बारीक बीजाणू बाहेर पडतात. लागण झाल्यापासून नवीन बीजाणू तयार होईपर्यंत आठवडाभरही लागत नाही. त्यामुळे आज हिरवंगार दिसणारं शेत दोन आठवड्यांत काळं पडू शकतं. पावसाबरोबर बीजाणू जमिनीत उतरले की कंदही सडतात.

पुढच्या चर्चेसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. या जीवाचे ए१ आणि ए२ असे दोन प्रजननप्रकार आहेत. दोन्ही एकत्र आले तरच लैंगिक प्रजनन होतं आणि जनुकांची सरमिसळ होते. मेक्सिकोबाहेर बराच काळ एकच प्रकार होता, ए१. म्हणजे तिथे जे काही वाढत होतं ते स्वतःच्याच प्रती काढत होतं. अशा प्रतींच्या मालिकेला आपण या लेखात 'वंश' म्हणू. सरमिसळ नसल्यामुळे एकच वंश पन्नास-पन्नास वर्षं ओळखता येतो.

पानं कुणी जपली?

१८४५ च्या उन्हाळ्यात रोग बेल्जियममध्ये दिसला, ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये आणि सप्टेंबरमध्ये आयर्लंडमध्ये. त्याआधी, १८४३ मध्ये, तो अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या आसपास दिसला होता. युरोपात लगेच वाद पेटला. लंडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांचं मत होतं, की गारठा आणि पाऊस यांमुळे झाडांनी नको तितकं पाणी शोषलं, म्हणून ती सडली. पानांवरची बुरशी नंतर येते. माइल्स बर्कली नावाचे एक पाद्री बुरशीचे अभ्यासक होते. त्यांनी १८४६ मध्ये उलट बाजू मांडली: बुरशी हेच कारण, सडणं हा परिणाम.

त्या काळात हे म्हणणं धाडसाचं होतं. रोग जंतूंमुळे होतात हा पाश्चरचा सिद्धांत अजून यायचा होता. बर्कलींचं म्हणणं प्रयोगानं सिद्ध व्हायला पंधरा-एक वर्षं गेली, आणि ते काम द बारी यांनी केलं.

या वादाचा एक फायदा झाला. लोकांनी रोगट पानं गोळा केली, कागदात दाबून वाळवली, त्यावर तारीख आणि ठिकाण लिहिलं आणि जपून ठेवली. बर्कलींनी पुढे आपला संग्रह लंडनजवळच्या क्यू उद्यानाला दिला. जर्मनीत म्युनिकच्या वनस्पतिसंग्रहातही अशी पानं राहिली. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात.

जरा विचार करा. डीएनएची रचना कळली १९५३ मध्ये. पान वाळवणाऱ्याच्या डोक्यात 'जनुक' हा शब्दही नव्हता. तरी त्यानं नकळत रोगकारकाचा डीएनए पाकिटात घालून, तारीख टाकून आपल्यासाठी ठेवला.

फाटलेल्या पोथीसारखा डीएनए

जुन्या पानातून डीएनए काढणं म्हणजे नेमकं काय? वाड्याच्या माळ्यावर कसरीनं खाल्लेली पोथी सापडली आहे अशी कल्पना करा. तिची एकही ओळ सलग नाही. चार-चार अक्षरांचे लाखो कपटे आहेत. शिवाय त्याच ट्रंकेत दुसऱ्या पाच-सहा पोथ्यांचे कपटेही मिसळलेत.

वाळक्या पानाची गत अशीच असते. जिवंत पेशीत डीएनएचे धागे लांबलचक असतात. पेशी मेली की ते तुटत जातात आणि दीडशे वर्षांनी शंभर अक्षरांहूनही लहान तुकडे उरतात. वनस्पतिसंग्रहातल्या पानांमधला डीएनए प्राचीन हाडांमधल्या डीएनएच्या सुमारे सहा पट वेगानं तुटतो, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. त्यात त्या पानात फक्त रोगकारक नसतो. बटाट्याचा स्वतःचा डीएनए असतो, पान वाळताना वाढलेल्या जिवाणूंचा असतो, आणि शंभर वर्षांत ज्यांनी ज्यांनी ते पान हाताळलं त्यांचाही थोडाफार असतो.

यावर उपाय काय? पोथीची एक चांगली, पूर्ण प्रत आपल्याकडे असली, तर प्रत्येक कपटा त्या प्रतीशी ताडून त्याची जागा शोधता येते. फायटॉप्थोराची अशी पूर्ण प्रत २००९ मध्ये तयार झाली. हा जीनोम सुमारे २४ कोटी अक्षरांचा आहे, आणि त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुरानं भरलेला आहे. संगणक एकेक कपटा उचलतो, या प्रतीत कुठे बसतो ते पाहतो, बसला तर चिकटवतो आणि नाही तर बाजूला ठेवतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जुना कागद कडेनं आधी पिवळा पडतो आणि कडेची अक्षरं आधी पुसट होतात. डीएनएच्या तुकड्यांचंही तसंच. तुकड्याच्या टोकांना असलेलं 'सी' हे अक्षर काळाबरोबर रासायनिकरीत्या बिघडतं आणि वाचणाऱ्या यंत्राला ते 'टी' वाटतं. याचे दोन अर्थ होतात, एक फायद्याचा आणि एक तोट्याचा. फायदा असा, की तुकड्यांच्या टोकांना असा बिघाड भरपूर दिसला, तर डीएनए खरोखर जुना आहे आणि काल कुणाच्या हातून मिसळलेला नाही, याची खात्री पटते. तोटा असा, की जिथे 'सी' च्या जागी 'टी' दिसतो तिथे प्रत्येक वेळी विचारावं लागतं: हा खरा जनुकीय बदल आहे, की म्हातारपणाचा डाग?

चला, एक कोडं सोडवू

कागद-पेन्सिल घ्या. खालचं उदाहरण समजण्यापुरतं, काल्पनिक आहे, पण पद्धत खरी आहे. चार नमुन्यांच्या जीनोममधल्या सहा जागांवरची अक्षरं अशी आहेत:

जवळची दुसरी प्रजाती: ए – सी – जी – ए – टी – जी
१८४६ चं पान: ए – टी – टी – ए – सी – जी
विसाव्या शतकातला वंश: जी – सी – टी – ए – सी – जी
आजचा नवा वंश: ए – सी – जी – सी – टी – ए

पहिली ओळ तुलनेसाठी. जे अक्षर तिथे आहे ते मूळचं आणि जे वेगळं आहे ते नंतर बदललेलं, असं तूर्त धरू.

आता तिसरी आणि पाचवी जागा पाहा. १८४६ चं पान आणि विसाव्या शतकातला वंश या दोघांतही तोच बदल आहे: तिसऱ्या जागी 'टी', पाचव्या जागी 'सी'. आजच्या नव्या वंशात तो नाही. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत तीच चूक त्याच जागी सापडली तर आपण काय म्हणतो? दोघांनी एकाच वहीवरून उतरवलं. म्हणजे हे दोन वंश एकमेकांच्या जवळचे आणि नवा वंश लांबचा.

आता खरा प्रश्न. १८४६ चा वंश हा विसाव्या शतकातल्या वंशाचा पूर्वज, की भाऊ? पूर्वज असेल तर त्याच्यातले सगळे बदल पुढच्या पिढीतही दिसायला हवेत. दुसरी जागा पाहा. १८४६ च्या पानात तिथे 'टी' आहे, विसाव्या शतकातल्या वंशात मूळचा 'सी' आहे. म्हणजे जुन्या वंशात एक बदल असा आहे जो नव्यात आलेला नाही. याचा अर्थ तो पूर्वज नाही, तर भाऊ आहे.

थांबा. दुसऱ्या जागी 'सी' चा 'टी' झालाय. हाच तो म्हातारपणाचा डाग असू शकतो! डाग असेल तर तो बदल खोटा, आणि मग १८४६ चा वंश पूर्वज असू शकतो. एका अक्षरावर अख्ख्या वंशावळीचा निकाल लटकतो.

कसं ठरवायचं? तीन तपासण्या करायच्या. एक, ती जागा अनेक तुकड्यांमध्ये वाचली गेली असेल तर 'टी' सगळ्यांत दिसतो का? डाग असेल तर काहींत दिसेल, काहींत नाही. दोन, 'टी' फक्त तुकड्यांच्या टोकाला दिसतो की मध्येही? तीन, दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या वर्षाच्या पानातही तोच 'टी' आहे का? डाग यदृच्छेनं पडतात, ते दहा वेगवेगळ्या पानांवर नेमके एकाच जागी पडत नाहीत. तिन्ही तपासण्यांत पास झालेले बदलच हिशोबात धरायचे. आणि प्रत्यक्षात सहा जागांवर नाही, तर हजारो जागांवर हे करायचं.

खरं उत्तर काय निघालं?

विसाव्या शतकाच्या मध्यात जगभरातल्या बटाट्यांवर 'यूएस-१' नावाचा एकच वंश आढळत होता. त्यावरून एक सरळ तर्क निघाला. एकच वंश सगळीकडे आहे, म्हणजे तोच १८४५ मध्ये पसरला असणार. तर्क चुकीचा वाटत नाही ना? पण तो फक्त जिवंत नमुन्यांवर आधारलेला होता.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या जीन रिस्टाइनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' मध्ये वाळक्या पानांचा पुरावा मांडला. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियालाही स्वतःचा छोटा डीएनए असतो. यूएस-१ मध्ये त्याचा जो प्रकार असतो, तो दुष्काळाच्या काळातल्या पानांत सापडला नाही. म्हणजे संशयित चुकीचा होता.

पण एका छोट्या तुकड्यावरून पूर्ण वंशावळ कळत नाही. ती कळली २०१३ मध्ये. केंतारो योशिदा, हर्नान बुर्बानो, डेटलेफ वायगल, योहानेस क्राउझे, सोफिएन कामून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यू आणि म्युनिक इथल्या ११ पानांमधून रोगकारकाचे जीनोम वाचले. पानं आयर्लंड, ब्रिटन, युरोप आणि उत्तर अमेरिका इथली, १८४५ ते १८९६ या काळातली. त्यांची तुलना आधुनिक १५ वंशांशी केली. निकाल असा लागला, की ही अकराही पानं एकाच वंशाची आहेत. त्याला त्यांनी हर्बेरियमवरून 'हर्ब-१' असं नाव दिलं. हर्ब-१ हा यूएस-१ नव्हे, पण त्याचा अगदी जवळचा भाऊबंद आहे, आणि दोघांची फारकत युरोपातल्या साथीच्या थोडीच वर्षं आधी झाली. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं स्वतंत्रपणे पाच जुन्या पानांचे जीनोम प्रसिद्ध केले. त्यांनाही आढळलं, की एकोणिसाव्या शतकातला रोगकारक तपासलेल्या सर्व आधुनिक वंशांपेक्षा वेगळा आहे.

'थोडीच वर्षं आधी' हे कसं कळलं, असं तुम्ही विचाराल. इथे लेबलवरची तारीख कामी येते. नुसते आजचे नमुने असतील तर जनुकीय बदल किती वेगानं होतात हे दुसरीकडून उधार घ्यावं लागतं. पण १८४६ चं पान म्हणजे १८४६ मध्ये थांबलेलं घड्याळ. त्याच्या भाऊबंदांनी त्यानंतर जास्तीचे किती बदल जमा केले ते मोजा, मधल्या वर्षांनी भागा, की वेग हातात येतो. तो वेग वापरून मागे मोजत गेलं की फाटा कुठे फुटला ते दिसतं. पानावर तारीख नसती तर हे गणित सुटलं नसतं.

पुढे रिस्टाइनो यांच्या गटानं आणखी शंभराहून अधिक जुने नमुने तपासले आणि २०२१ मध्ये दाखवलं, की दुष्काळाचा वंश (ते त्याला 'फॅम-१' म्हणतात) सहा खंडांवर पोहोचला होता. म्हणजे तो दुष्काळानंतर लगेच नाहीसा झाला नाही. तो विसाव्या शतकातही होता. मग यूएस-१ नं त्याची जागा घेतली.

पहारेकरी आणि वेषांतर

आता सर्वांत रंजक भाग. जीनोम हातात आला, की फक्त वंशावळ नाही, तर रोगकारकाची हत्यारंही मोजता येतात.

फायटॉप्थोरा झाडाच्या पेशीत शेकडो प्रकारची प्रथिनं सोडतो. त्यांना इफेक्टर म्हणतात. झाडाची संरक्षणव्यवस्था बंद पाडणं हे त्यांचं काम. झाडाकडेही पहारेकरी असतात. त्यांना प्रतिकारक जनुकं म्हणू. एक पहारेकरी साधारण एकच चेहरा ओळखतो. ओळखीचा इफेक्टर दिसला की तो धोक्याची घंटा वाजवतो, तिथल्या पेशी स्वतःच मरून जातात आणि रोग जागच्या जागी कोंडला जातो. यावर रोगकारकाचा उपाय म्हणजे वेषांतर. इफेक्टरमध्ये एखाद-दोन अमिनो आम्लं बदलली, की पहारेकरी त्याला ओळखत नाही.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'एव्हीआर-३ए' हा इफेक्टर. त्याचं एक रूप 'आर-३ए' नावाचा पहारेकरी ओळखतो. दुसऱ्या रूपात मोक्याच्या दोन जागी अमिनो आम्लं बदललेली आहेत आणि ते त्याच्या नजरेतून सुटतं. आजच्या अनेक वंशांत हे वेषांतर केलेलं रूप आहे. हर्ब-१ मध्ये कोणतं होतं? साधं, ओळखू येणारं रूप.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. आर-३ए असलेलं वाण १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये असतं, तर या पहाऱ्यावर हर्ब-१ पकडला गेला असता. पण तिथे तो पहारेकरीच नव्हता. आर-३ए सारखी जनुकं मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम या जंगली बटाट्यातून विसाव्या शतकात लागवडीच्या वाणांमध्ये आणली गेली. आयर्लंडमधल्या गरिबांच्या शेतात मुख्यतः 'लंपर' हे एकच वाण होतं, आणि बटाटा कंदापासूनच लावत असल्यामुळे ती सगळी झाडं एकमेकांच्या प्रती होती. दार उघडं असेल तर चोराला वेषांतराची गरज पडत नाही.

आणि बटाटा सडला म्हणून लाखो माणसं मेली, हा हिशोबही अपुरा आहे. तोच रोग बेल्जियम, हॉलंड, जर्मनीतही गेला होता. आयर्लंडमध्ये गरिबांकडे दुसरं अन्न नव्हतं, जमीन दुसऱ्याची होती, आणि दुष्काळातही धान्य देशाबाहेर जात राहिलं. मदतीचा कारभार लंडनमधून पाहणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. एकोणिसाव्या शतकातले आपल्याकडचे दुष्काळ ज्यांनी वाचलेत त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. रोगकारकाचा जीनोम दोषी कोण हे अर्धंच सांगतो. उरलेलं अर्धं उत्तर माणसांच्या दप्तरात असतं.

मग बदललं कोण?

विसाव्या शतकात आपण पहारेकरी असलेली वाणं लावायला सुरुवात केली. काही वर्षांतच वेषांतर केलेले वंश वाढले आणि एकेक पहारेकरी निरुपयोगी ठरत गेला. आणखी एक फरक जीनोममध्ये दिसला. हर्ब-१ मध्ये आपल्यासारख्याच गुणसूत्रांच्या दोन प्रती होत्या, पण नंतरच्या काही वंशांमध्ये तीन आहेत. जादा प्रत म्हणजे जादा वाव: एका प्रतीत मूळ काम चालू ठेवून दुसरीत बदल करून पाहता येतो. प्रती वाढण्याचा आणि नव्या वाणांचा काळ जुळतो, म्हणून या दोन्हींचा संबंध असावा अशी कल्पना २०१३ च्या अभ्यासात मांडली गेली.

पुढे १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधून ए२ हा प्रजननप्रकार मेक्सिकोबाहेर पहिल्यांदा नोंदवला गेला. नवे वंश येऊ लागले आणि यूएस-१ मागे पडला. त्यातला '१३-ए२' हा वंश २००४ च्या सुमारास पश्चिम युरोपात दिसला आणि तीनेक वर्षांत ब्रिटनमधल्या रोगकारकांपैकी तीन चतुर्थांश तोच झाला. त्याच्याकडे तीन प्रती आहेत, आणि मेटालॅक्सिल या नेहमीच्या औषधाला तो दाद देत नाही.

हाच वंश भारतातही पोहोचला. नैऋत्य भारतात टोमॅटोवर आलेल्या करप्याच्या मोठ्या साथीमागे १३-ए२ होता, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. पूर्व आणि ईशान्य भारतातही तो पुढे आढळला. करपा आपल्याला नवा नाही. नीलगिरीत तो १८७० ते १८८० च्या दरम्यान आला होता. पण तेव्हाचा करपा आणि आताचा करपा यांचं फक्त नाव सारखं आहे. आजोबांच्या वेळी चालणारं औषध आज का चालत नाही, या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे: समोरचा जीव बदलला आहे, आणि आपण लावलेली वाणं आणि मारलेली औषधं यांनीच त्यातला कोणता वंश टिकणार ते ठरवलं आहे.

यातून घ्यायचा धडा असा. एका पहारेकऱ्यावर विसंबलेलं वाण फार काळ टिकत नाही. म्हणून आता संशोधक वेगवेगळ्या जंगली बटाट्यांमधली तीन-चार प्रतिकारक जनुकं एकाच वाणात घालतात. सगळ्यांना एकाच वेळी चकवणं रोगकारकाला बरंच अवघड जातं. आणि कोणत्या इफेक्टरनं गेल्या दीडशे वर्षांत रूप बदललेलं नाही, हे जुनी पानं सांगतात. जो इफेक्टर बदलू शकला नाही, त्याला ओळखणारा पहारेकरी जास्त भरवशाचा.

जुनी पानं कशाला ठेवायची?

वनस्पतिसंग्रह चालवायला जागा लागते, पगार लागतो, किडीपासून राखण लागते. त्यातून लगेच काही उत्पन्न होत नाही. म्हणून खर्च कमी करायची वेळ आली की पहिली नजर तिथे जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं सुमारे सव्वाआठ लाख नमुन्यांचा आपला संग्रह बंद करण्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. 'सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले की झालं' असं म्हणणारे भेटतात. वरचं सगळं वाचल्यावर तुम्हीच सांगा, १८४६ च्या पानाचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी त्यातून हर्ब-१ सापडला असता का?

आपल्याकडेही असे संग्रह आहेत. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा आजरेकर संग्रह आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या संग्रहाची सुरुवात १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे झाली. भारतीय पिकांवरचे रोग गेल्या शतकात कसे बदलत गेले, याचा पुरावा अशाच कपाटांमधून आहे.

तुमच्यापैकी कुणी शेतीचं किंवा जीवशास्त्राचं शिक्षण घेत असेल, तर एक सवय जरूर लावून घ्या. रोगट पान दिसलं की फोटो काढाच, पण एक पान कागदात दाबून वाळवाही. त्यावर तारीख लिहा, गाव लिहा, पिकाचं आणि वाणाचं नाव लिहा. आणि ते घरच्या वहीत न ठेवता एखाद्या संग्रहाकडे पोहोचवा. त्यातून काय वाचायचं हे पुढच्यांनी ठरवायचं आहे. तारीख मात्र तुम्हालाच लिहावी लागेल.